सात जागांच्या अर्ध्या खुणा

११ जानेवारी

खेकड्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, इथे सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे मी आणि कंप्रेसर. त्यातही कंप्रेसरचं काही सांगता येत नाही, पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या भरताना म्हाताऱ्यासारखा खोकतो.

फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तू चौथ्या वाक्याला "बरं ताई, ठेवू?" म्हणतोस आणि मीही "हो हो, ठेव" म्हणते, जशी काही माझ्या दारात पाहुण्यांची रांग लागली आहे. कागद असा मध्येच ठेवून देता येत नाही. दिलास तरी मला दिसणार नाही.

काम आहे म्हणून लिहिते आहे. दुकानावरच्या तुझ्या खोलीत सध्या एक बाई राहतात. त्या प्रवाळ मोजतात. खरंच मोजतात, पाण्याखाली पट्टी आणि पेन्सिल घेऊन. पहिल्या दिवशी मला वाटलं, शिंप्याच्या घरच्या असाव्यात. आपल्याकडे सगळे पाहुण्यांना घेऊन पाण्याखाली ज्या चार जागांवर उतरतात त्या त्यांनी पाहिल्या आणि तोंड कडू करून वर आल्या. एकेका जागेवर पंधरा-पंधरा बोटी, आणि प्रत्येकीचा नांगर खाली प्रवाळावर. बाई म्हणाल्या, "इथे मोजायला काही उरलंच नाही. कुणाला फारशा माहीत नसलेल्या जागा दाखवा. त्या आमच्या यादीत गेल्या की तिथे नांगर टाकायला बंदी येते." जेटीवर कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, या दुकानाच्या म्हाताऱ्याला अशा सात जागा ठाऊक होत्या म्हणून.

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बोटीतून टेकडीकडे बघायचं. शाळेचा झेंड्याचा खांब पाण्याच्या टाकीच्या बरोबर पुढे आला, की आपण एका रेषेवर आलो. मग मान वळवून बंदराकडे बघायचं. तिथेही अशाच दोन वस्तू एकामागे एक आल्या, की दुसरी रेषा. दोन्ही खुणा एकदम जुळल्या, की जागा बोटीच्या बरोबर खाली.

"सोपं आहे की," बाई म्हणाल्या.

"सोपंच आहे. पण मला फक्त टेकडीकडच्या खुणा येतात. बंदराकडच्या माझ्या भावाला."

"म्हणजे वडिलांनी अर्ध्या तुम्हाला शिकवल्या आणि अर्ध्या त्यांना?"

"हो. लिहायच्या नाहीत, यंत्रात घालायच्या नाहीत, एकमेकांना सांगायच्या नाहीत."

"असं कोण करतं हो?"

"आम्ही लहानपणी फार भांडायचो," मी म्हटलं. "बाबांना वाटलं, असं केलं तर निदान एका बोटीत तरी बसतील."

बाई मनापासून हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

नावं सांगितली तेव्हा पुन्हा हसल्या. कपाट, न्हाणीघर, तीन चुली, आजोबांची दाढी, मावशीचं अंगण. 'पोस्ट'चं नाव तसं का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, तिथे कड्याला एक चौकोनी भोक आहे आणि त्यातून एक वाम मासा असं तोंड काढून बसतो, जणू आपण खिडकी बंद व्हायच्या वेळेला आलो आहोत. आणि सातवी 'काही नाही'. तिच्यासाठी मला बाबांची नक्कल करून दाखवावी लागली. दुसऱ्या बोटीतून कुणी ओरडून विचारायचं, काय आहे हो तिथे, आणि बाबा टोपी डोळ्यांवर ओढून म्हणायचे, काही नाही. खाली अंथरुणाएवढे पाकट मासे फिरत असायचे.

सहा वर्षं झाली, मी यांतली एकही जागा ठरवून गाठलेली नाही. माझ्या रेषेवरून बोट पुढे-मागे नेत राहते, अंदाजाने उडी मारते, खाली वाळू. वर येऊन पाहुण्यांना सांगते, आज आपण वाळूचा अभ्यास केला. एकदा तीन चुली सापडल्या. दुसऱ्या दिवशी गेले तर नाहीत.

तेव्हा तुझ्या सात खुणा लिहून पाठव. बाबांचा नियम मोडतो खरा, पण नांगर पडण्यापेक्षा बरं.

पाय कसा आहे, हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. शेवटी विचारते आहे. पाय कसा आहे?

ताई


६ फेब्रुवारी

खेकड्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर म्हणजे तीन वाक्यं. "माझ्या आठवणीवर कुणाला पाण्यात उतरवू नकोस. माझं काय झालं ते तू बघितलं आहेस. पाय आहे तसाच आहे."

मी ते जेटीवर उभ्या उभ्या वाचलं, मग दुकानात येऊन बसून वाचलं. बसून वाचल्यावरही तीनच वाक्यं होती.

बाईंना म्हटलं, भावाला आठवत नाही. त्या म्हणाल्या, राहू द्या, एवढ्या वर्षांनी कुणाला आठवणार. मला त्यांचा राग आला. तू सहा वर्षांचा असताना सातही खुणा पाढ्यांसारख्या म्हणायचास, आंघोळ करताना मोठमोठ्याने, आणि बाबा बाहेरून दार बडवायचे की अरे, सगळी आळी ऐकते आहे.

परवा तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू कामावर गेल्यावर केला होता, हे तिने सांगितलं नाही, पण आवाजावरून कळलं. माझ्या पत्राने तू दोन दिवस धड जेवला नाहीस, म्हणाली. मग एकेक सांगत गेली. तू गाडी चालवणं सोडलंस. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जातोस, परत येऊन कुलूप ओढून बघतोस, पुन्हा कोपऱ्यापर्यंत जातोस. कामाच्या ठिकाणी तुला वरची जागा देत होते, तीही नको म्हणालास, माझ्याकडून काहीतरी राहून जाईल म्हणून. आणि पोरीला एकट्याने कुठे नेत नाहीस. घरासमोरच्या बागेतही नाही. का, असं तिने विचारलं, तर म्हणालास, "मी तिला कुठेतरी विसरून येईन."

मला हे काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं तुझा फक्त पाय गेला.

"तुम्ही समजवा ना ताई," ती म्हणाली. "ते तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत." मी म्हटलं, सांगते.

तर सांगते. सगळेच विसरतात, खेकड्या. मी गेल्या आठवड्यात एका पाहुण्याच्या कमरेला शिसं बांधायलाच विसरले. तो बिचारा बुचासारखा वर तरंगत राहिला आणि मी खाली त्याची वाट बघत बसले. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. वय झालं की

नको. हे असं लिहिण्यात अर्थ नाही. आज इतकंच.

ताई


९ फेब्रुवारी

सहा तारखेचं पत्र टाकलं. तुला मिळेल तेव्हा वाटेल, ताईने उगाच विनोद केले. केले खरे.

आज दुपारी एकही पाहुणा नाही. सूट धुऊन वाळत घातले आहेत, बाई पाण्यावर गेल्या आहेत. दार लावून घेतलं आहे. हे मला एका बैठकीत लिहायला हवं, नाहीतर मी पुन्हा काहीतरी गमतीचं लिहीन.

बाबा जाऊन वर्ष व्हायचं होतं. तुझं लग्न होऊन चार महिने. मी मागच्या अंगणात पिंपात मास्क बुचकळत होते. तू आलास, माझ्या शेजारी उकिडवा बसलास आणि न सांगता अर्धे मास्क धुतलेस. तेव्हाच मला कळलं की काहीतरी मागायला आला आहेस. मग म्हणालास, "ताई, मी खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर जातोय. स्वतःची बोट घेतोय. तुझ्या खुणा मला दे, माझ्या तू घे. म्हणजे आपण दोघंही सुटे."

तू वाईट अर्थाने म्हणाला नव्हतास. पण मला तो 'सुटे' शब्द तोंडात मारल्यासारखा लागला. मी तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तुझ्या वेण्या घालायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या मी. बाबांच्या आजारपणात मी कुठे गेले नाही, नंतर कुठे जायचं राहिलं नाही. माझ्याकडे त्या बोटीत तू समोर बसलेला असायचास, एवढंच होतं. आणि तू मला त्यातून मोकळं करत होतास.

मी म्हटलं, "तुझ्या मला नकोत. मी कुठे जाणार आहे एकटी? माझ्या घे."

मग मी तुला एकेक सांगितली. तू प्रत्येक तीनदा म्हणून दाखवलीस, लहानपणीसारखी. सहा बरोबर सांगितल्या. न्हाणीघराला आले तेव्हा म्हटलं, "टेलिफोनचा टॉवर बर्फाच्या कारखान्याच्या छपराच्या उजव्या कोपऱ्यावर घ्यायचा." तू तीनदा म्हणालास, उजव्या कोपऱ्यावर. मी तीनदा मान हलवली.

डावा कोपरा आहे. नेहमीच डावा होता. माझी जीभ घसरली नव्हती.

काय मनात होतं, तेही सांगते. मला वाटलं, तू पाहुण्यांना घेऊन जाशील, खाली उतरशील, न्हाणीघर सापडणार नाही. जरा फजिती होईल. मग कान खाजवत माझ्याकडे येशील आणि म्हणशील, ताई, एकदा चल ना दाखवायला. एकदा आलास की येत राहशील, असं मला वाटलं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. पाण्याने तुम्हाला खाली खेचलं, तू त्या उंच पाहुण्याला धरलंस आणि दोघं नको तितक्या वेगाने वर आलात. त्याच्या कानाचा पडदा फाटला, तो महिन्याभरात बरा झाला. तुझ्या पाठीच्या कण्यात बुडबुडे झाले. दवाखान्यातल्या त्या दाबाच्या टाकीच्या गोल खिडकीतून मी तुला पाच दिवस बघत होते. बाहेर काढल्यावर तू पहिलं काय बोललास, आठवतं? मला रोज आठवतं. म्हणालास, "ताई, मी तुझी खूण चुकीची लक्षात ठेवली. तू डावा म्हणाली होतीस ना?"

मी म्हटलं, "हो. असू दे."

दोन शब्द जास्त बोलले असते तर तुझी सहा वर्षं वाचली असती. तेव्हा वाटलं, हा अंथरुणातून उठू दे, मग सांगू. तू उठलास तो काठी घेऊन, आणि समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब निघून गेलास. मग फोनवर सांगू म्हटलं. फोनवर तू चौथ्या वाक्याला ठेवतोस. असं मीच मला समजावत आले.

तू काही विसरला नव्हतास. मी जे सांगितलं ते तू अक्षर न् अक्षर लक्षात ठेवलंस.

ताई


१० फेब्रुवारी

कालचं पत्र पाकिटात घातलं, पण चिकटवलं नाही. त्यात एक गोष्ट मी गाळली आहे. फजिती होईल एवढंच वाटलं, असं लिहिलं. ते अर्धं आहे.

उजव्या कोपऱ्यावर वाळू नाही. तिथे तळ एकदम तुटतो, आणि ओहोटीला पाणी त्या कड्यावरून खाली कोसळतं. हे मला माहीत होतं. माझ्या रेषेला लागून होतं म्हणून बाबांनी ते मला सांगितलं होतं, तुला नाही. भरतीला तिथे काही होत नाही, आणि तू भरतीलाच जाशील असं मी धरून चालले होते.

त्या सकाळी मी जेटीवर टाक्या उतरवत होते. तुझी नवी बोट समोरून गेली. ओहोटी लागून तास झाला होता, जेटीच्या खांबांवर ओली रेघ उघडी पडली होती. तुझ्या बोटीचं तोंड कुठे आहे ते मला बघताक्षणी कळलं. तू मला पाहून हात वर केलास.

हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती, एवढा जवळून तू गेलास. पण ओरडणार काय होते? मी दिलेली खूण खोटी आहे, हेच ओरडावं लागलं असतं. शेजारी तीन बोटवाले उभे होते. मला त्यांची लाज वाटली. चारचौघांत माझं तोंड काळं होऊ नये म्हणून मी गप्प राहिले.

मी पण हात वर केला.

यापलीकडे लपवलेलं काही नाही. मी माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग पुन्हा तुलाच काहीतरी गिळावं लागेल. एवढंच कर, पोरीला बागेत घेऊन जा. तू तिला विसरणार नाहीस. तू सहा वर्षं स्वतःला ज्या 'विसराळू' नावाने बोलावतो आहेस ते नाव तुझं नाहीच.

आता चिकटवते.

ताई


२७ मार्च

खेकड्या,

पाकीट पोचलं. दुकानाच्या पत्त्यावर, पण वर 'प्रवाळवाल्या बाईंसाठी' असं लिहिलेलं. अक्षर तुझं म्हणून मी पोस्टमनच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. नाव वाचल्यावर बाईंना नेऊन दिलं.

त्यांनी ते चहाच्या टेबलावर उघडलं आणि मोठ्याने वाचलं. बंदराकडच्या खुणा, एक ते सात. कपाट, दीपगृह आणि माशांच्या लिलावाची घंटा. तीन चुली, मोठी क्रेन आणि त्यामागची निळी गच्ची. असं ओळीने शेवटपर्यंत. खाडाखोड नाही, प्रश्नचिन्ह नाही, 'बहुतेक' नाही. खाली तारीख. माझा उल्लेख नाही. बाई आत गेल्यावर मी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

"भावाचं अक्षर सुरेख आहे तुमच्या," बाई म्हणाल्या. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. मी म्हटलं, हो, लहानपणापासून.

तुझ्या बायकोचा फोन आला होता, घाईघाईतला. पत्र वाचून तू तीन दिवस कुणाशी बोलला नाहीस, चौथ्या दिवशी पोरीला घेऊन बागेत गेलास आणि संध्याकाळपर्यंत आला नाहीस. ती दारात उभी राहून राहून थकली. दोघं आलात ते चिखलाने माखून. आता गाडीही काढतोस, म्हणाली. पत्रात काय होतं ते तिला ठाऊक नाही, तू दाखवलं नाहीस. "तुम्ही काय लिहिलंत हो?" विचारत होती. "आणि ताई, एक सांगू? तुमचा फोन आला तर मला देऊ नकोस, असं म्हणालेत. रागावू नका, होईल ठीक." मी म्हटलं, रागावते कशाला.

मला याचीच भीती होती, सहा वर्षं. आता झालं ते. भीती वाटत होती तितकंच वाईट आहे, कमी नाही. सकाळी चहाचे दोन कप काढते, मग आठवतं की बाई चहा पीत नाहीत, आणि दुसरा कप त्यांच्यासाठी काढलाही नव्हता.

आम्ही रोज एक अशा सात दिवसांत सातही जागा केल्या. कपाटाच्या प्रत्येक फळीवर अजून शेवंडी बसलेल्या आहेत. आजोबांची दाढी वाढली आहे. पोस्टात नवा मास्तर आला आहे, जुन्यापेक्षा तिरसट. न्हाणीघर मी शेवटी ठेवलं होतं. भरती बघून गेलो. टॉवर डाव्या कोपऱ्यावर आला, बंदराकडे तुझी वखारीची भिंत आणि दीपगृह एक झालं, आणि मी इंजिन बंद केलं. गुहेच्या छताच्या भोकांतून ऊन तसंच पडतं, नळ सोडल्यासारखं. बाई तासभर मोजत होत्या. मी मधोमध बसून राहिले. शेजारी हात केला, सवयीने. पाण्याखाली मास्कच्या आत रडलं तर काय होतं, ते तुला माहीत आहे. नाक चोंदतं आणि वर यावं लागतं.

बाई पुढच्या आठवड्यात जातील. सातही जागा यादीत गेल्या, नांगर पडणार नाही. त्या विचारत होत्या, आता तुम्ही पाहुण्यांना तिकडे न्याल का? नेईन बहुधा. दोन्ही बाजूंच्या खुणा आता मला पाठ आहेत. तुझ्याकडेही दोन्ही आहेत. बाबांनी ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो संपला, मला कुठेही जायला आता तुझी गरज नाही. तू त्या दिवशी म्हणाला होतास तसे दोघंही सुटे झालो.

हे पत्र तू वाचशील की नाही, माहीत नाही. वाचलंस तर एवढं घे. तुझ्या सातही खुणा बरोबर निघाल्या. मी प्रत्येक ठिकाणी स्वतः उतरून पाहिलं, एकही हातभरसुद्धा चुकलेली नाही. हे तुला माझ्याच तोंडून कळायला हवं होतं.

ताई